‘गाठीला सुई लावू देऊ नका’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

कुत्री पाळणाऱ्यांमध्ये एक संदेश सारखा फिरत असतो. मजकूर थोडाफार बदलतो, पण गाभा तोच राहतो. कुत्र्याच्या अंगावर गाठ आली तर डॉक्टरांना तिच्यात सुई घालू देऊ नका, कारण सुई लागली की आत निपचित पडलेला कॅन्सर अंगभर पसरतो. सूज असेल तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती उतरते. आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्याला भूल सोसत नाही. केमोथेरपी म्हणजे मुक्या जिवाचा छळ. हळद, लसूण आणि सदाफुलीची पाने वाटून दिली की गाठ विरघळते. आणि कुत्र्याला खरोखर दुखत असते तर तो विव्हळला असता. शेवटी जोडलेल्या हातांचे चित्र आणि पुढे पाठवण्याची विनवणी.

मला हा संदेश नात्यातल्याच एका माणसाने पाठवला, तोही आमच्या काळीच्या मागच्या स्तनाजवळ सुपारीएवढी गाठ हाताला लागली त्याच आठवड्यात. काळी नऊ वर्षांची गावठी कुत्री. पाठवणाऱ्याच्या मनात कळवळाच होता, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही तपासणी टाळायला काहीतरी सबब हवीच होती. सहा आठवड्यांनी ती गाठ लिंबाएवढी झाली. त्यानंतर जे वाचले, विचारले आणि पाहिले, त्याच्या आधारे या संदेशातला एकेक मुद्दा तपासून पाहतो.

सुईचा मुद्दा आधी घ्यायला हवा, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहे. ज्याला प्रयोगशाळेच्या कागदावर एफएनएसी म्हणतात ती तपासणी म्हणजे इंजेक्शनच्या साध्या सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून घेणे, त्या काचपट्टीवर पसरून रंगवणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. अंगावरच्या गाठीसाठी बहुतेक वेळा भूलही लागत नाही. लस टोचून घेणारा कुत्रा जेवढा कुरकुरतो तेवढाच इथेही कुरकुरतो. कॅन्सर पसरतो तो त्याच्या पेशींना मूळ जागेपासून सुटून रक्तात किंवा लसिकावाहिन्यांत शिरण्याची आणि दुसरीकडे रुजण्याची क्षमता आलेली असते म्हणून. ती क्षमता सुईमुळे येत नाही. ज्या गाठीत ती आहे, ती गाठ सुई न लावताही पसरते, आणि घरात कोणाला कळत नाही एवढाच काय तो फरक.

तरीही या समजुतीत सत्याचा एक कण आहे आणि तो लपवणे योग्य नाही. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजल्याची उदाहरणे पशुवैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. ती विरळा आहेत, आणि त्यांतली ठळक उदाहरणे मूत्राशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची आहेत. म्हणूनच मूत्राशयात तशी गाठ असल्याची शंका असेल तर जाणकार डॉक्टर पोटातून सुई घालणे टाळतात आणि लघवीच्या तपासणीचा किंवा नळीवाटे पेशी घेण्याचा मार्ग धरतात. प्लीहेच्या रक्ताळ गाठीत सुई घालतानाही रक्तस्राव होण्याची भीती असते. मास्ट सेल नावाच्या पेशींची गाठ सुई लागल्यावर लाल होऊन फुगते, कारण त्या पेशींतून हिस्टामिन हे सूज आणणारे रसायन बाहेर पडते. पाहणाऱ्याला वाटते की कॅन्सर भडकला, पण ती सूज पुढे उतरते. हे सगळे अपवाद डॉक्टरांना ठाऊक असतात. त्यांच्यावरून कातडीखालच्या प्रत्येक गाठीला सुई वर्ज्य ठरवणे म्हणजे जिन्यावरून कोणी पडले म्हणून घराला जिनाच नको म्हणण्यासारखे आहे.

सुई टाळल्याने काय गमावतो, याचा उल्लेख मात्र संदेशात कुठेच नसतो. वयस्क लॅब्रॅडॉरच्या बरगडीवर हाताला लागणारी मऊ, सरकणारी गाठ अनेकदा नुसती चरबीची निघते. वर्षा-दोन वर्षांच्या कुत्र्याच्या कानावर किंवा पायावर एकाएकी उगवलेला लाल गोल फोड पुष्कळदा हिस्टिओसायटोमा नावाची निरुपद्रवी गाठ असतो आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतो. सुईच्या एका टोचणीने अशा घरांची महिनोन्‌महिन्यांची झोप परत मिळते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. जबड्याखाली, खांद्यापुढे आणि गुडघ्यामागे एकाच वेळी गाठी सुजल्या की लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची, शंका येते, पण गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकियाच्या तापातही तशाच गाठी सुजतात, ताप येतो, कधी नाकातून रक्तही येते. हा आजार आपल्या हवामानात सर्रास आढळतो आणि डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या साधारण चार आठवड्यांच्या उपचाराने बहुतेक कुत्री बरी होतात. गोचीड ताप समजून लिम्फोमा अंगावर काढायचा किंवा लिम्फोमा समजून गोचीड तापाच्या कुत्र्याची आशा सोडायची, या दोन्ही चुका रक्ततपासणी आणि सुईने टाळता येतात.

सुईलाही मर्यादा आहेत. कुत्रीच्या स्तनातल्या गाठी साधारण निम्म्या साध्या आणि निम्म्या कॅन्सरच्या असतात, असा पशुवैद्यकांचा जुना ठोकताळा आहे, आणि त्या दोहोंमधला भेद सुईने खात्रीने कळत नाही. त्यासाठी गाठ काढून बायोप्सीला पाठवावी लागते. काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये घालून प्रयोगशाळेत पाठवली जाईल ना, हे शस्त्रक्रियेआधीच विचारावे. गाठ काढून फेकून दिली आणि ‘स्वच्छ काढली’ एवढेच तोंडी सांगितले, तर गाठ कशाची होती आणि तिच्या कडांना कॅन्सरच्या पेशी होत्या की नव्हत्या, हे दोन्ही प्रश्न कायमचे अनुत्तरित राहतात. स्तनाच्या गाठींच्या बाबतीत आकारालाही महत्त्व आहे: तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ काढली तर पुढची वाटचाल पुष्कळ बरी असते. आमचे सहा आठवडे याच तीन सेंटिमीटरच्या अलीकडून पलीकडे गेले.

प्रेडनिसोलोनचा सल्ला मला संदेशातला सर्वांत धोकादायक भाग वाटतो, कारण तो गुण आल्यासारखा दिसतो. लिम्फोमाच्या गाठी स्टेरॉइडने खरोखरच बारीक होतात. चार दिवसांत कुत्रा खाऊ लागतो, घरात आनंद होतो, आणि काही आठवड्यांत गाठी परत येतात. मधल्या काळात दोन नुकसाने झालेली असतात. एक म्हणजे तपासणीत पेशी स्पष्ट दिसेनाशा होतात, आणि दुसरे म्हणजे उरलेल्या पेशी पुढच्या औषधांना दाद देईनाशा होतात. काळीच्या आधी आमच्याकडे असलेल्या लॅब्रॅडॉरला ‘घशाला सूज आहे’ म्हणून एका दवाखान्यातून याच गोळ्या मिळाल्या होत्या, तपासणी न करताच. गोळी वाईट नसते. सगळे कळल्यावर, दुसरा उपचार करायचा नाही असे ठरवून, कुत्र्याचे थोडे दिवस सुखाचे जावेत म्हणून ती जाणीवपूर्वक देणारे डॉक्टर आहेत आणि त्यात गैर काही नाही. निदानाच्या आधी मात्र ती देऊ नये.

वयाबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत भुलेशी निगडित मृत्यूंचे प्रमाण निरोगी कुत्र्यांत ०.०५ टक्के आणि आजारी कुत्र्यांत १.३३ टक्के निघाले. वाढत्या वयाने जोखीम वाढते हे खरे, पण आजाराने पडणारा हा फरक फार मोठा आहे. म्हणून वयाचा आकडा ऐकून माघार घेण्यापेक्षा रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे आणि हृदयाची तपासणी काय सांगते ते आधी पाहावे. हे आकडे तिथल्या दवाखान्यांचे आहेत. आपल्या डॉक्टरांकडे भूल देताना देखरेखीसाठी कोणती साधने आहेत, हे विचारायला संकोच करू नये.

केमोथेरपीची भीती समजण्यासारखी आहे, कारण आपल्यापैकी अनेकांनी ती घरातल्या माणसाला सोसताना पाहिलेली असते. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर बसलेली कुटुंबे ज्याने पाहिली आहेत, त्याला हा शब्द कुत्र्यासाठी ऐकताना धस्स होणारच. (त्याच परळमध्ये १८८६ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालयही आहे, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते.) पण माणसाच्या आणि कुत्र्याच्या केमोमध्ये हेतूचाच फरक आहे. माणसात बहुधा आजार मुळासकट उखडण्यासाठी शरीराला सोसेल तेवढी मात्रा देतात. कुत्र्यात ती मुद्दाम कमी ठेवतात, कारण दिवस चांगले जाणे हे तिथले पहिले उद्दिष्ट असते. एखाददुसरा दिवस उलटी, जुलाब, मलूलपणा हे होते. पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून दर वेळी रक्त तपासावे लागते. बहुतेक जातींचे केस गळत नाहीत; पूडल किंवा शिह त्झू यांसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे मात्र गळतात. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस लघवी आणि विष्ठा हातमोजे घालून उचलावी लागते, आणि घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर हे काम दुसऱ्याने करावे लागते.

केमो सगळ्या कॅन्सरांना सारखाच लागू पडतो असेही नाही. लिम्फोमात अनेक औषधांचा एकत्रित उपचार केला तर बहुतेक कुत्र्यांचा आजार काही काळ हटतो आणि साधारण वर्षभराचे आयुष्य मिळते. उपचार न केल्यास ते एक-दोन महिन्यांवर येते. आजार पुरता बरा होणे क्वचितच घडते. मोठ्या जातींना होणाऱ्या हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय काढून केमो दिला तरी वर्ष गाठणे अवघड असते. हे आकडे ऐकून कोणी उपचार नको म्हटले, खर्च झेपत नाही म्हटले, किंवा दर आठवड्याला तालुक्याच्या गावाहून शहरात येणे शक्य नाही म्हटले, तर तो निर्णय विचारपूर्वक घेतलेलाच मानावा. उपचार नाकारणे वेगळे आणि आजार काय आहे हे जाणून घ्यायलाच नकार देणे वेगळे, हा भेद संदेश पुसून टाकतो.

आणि एक कॅन्सर असा आहे की त्याच्यापुढे ‘केमो म्हणजे छळ’ हे वाक्य टिकतच नाही. टीव्हीटी या नावाने ओळखली जाणारी गाठ आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांत नेहमी दिसते: जननेंद्रियावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ आणि तिच्यातून ठिबकणारे रक्त. हिची गंमत अशी की कॅन्सरच्या जिवंत पेशीच समागमातून किंवा चाटण्यातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. या पेशींचा उगम काही हजार वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यात झाला, असे जनुकीय अभ्यासांतून दिसले आहे. तिच्यावरचे औषध म्हणजे व्हिंक्रिस्टिन, आठवड्यातून एकदा शिरेतून, बहुधा चार ते सहा वेळा. दहातली नऊ कुत्री यातून पूर्ण बरी होतात, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काम करणारे लोक हा उपचार नेमाने करतात. मागचा-पुढचा आधार नसलेला, फुटपाथवरचा कुत्रा केमो घेऊन सहा आठवड्यांत पुन्हा रिक्षांमागे धावू लागतो.

हे व्हिंक्रिस्टिन मिळते कशापासून, तर सदाफुलीपासून. म्हणजे संदेश लिहिणाऱ्याने कुठेतरी अर्धे ऐकलेले होते. पण औषधाचा एक ग्रॅम मिळवायला शेकडो किलो पाने लागतात. ते शिरेतूनच द्यावे लागते, शिरेबाहेर सांडले तर आजूबाजूचे मांस जळते. आणि त्याची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजतात. कुंडीतली पाने वाटून दिल्याने औषध मिळत नाही, विष मात्र मिळते, कारण सदाफुली पोटात गेल्यास कुत्र्याला उलट्या आणि जुलाब होतात, रक्तदाब उतरतो आणि झटकेही येऊ शकतात. लसणाबाबत तर वाद घालायचे कारणच नाही: कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि कॅन्सरच्या कुत्र्याचे रक्त बहुधा आधीच कमी झालेले असते. हळदीतले कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडे उतरते. चिमूटभर हळद भातात पडली तर बिघडत नाही, तिने गाठ विरघळत नाही इतकेच.

राहिला विव्हळण्याचा मुद्दा. कुत्रा दुखणे बोलून दाखवत नाही, वागून दाखवतो: जिना चढताना थबकतो, एकाच जागी चाटत राहतो, रात्री उगाच धापा टाकतो, दारावरची घंटा वाजली तरी उठत नाही. हाडाच्या कॅन्सरचे लंगडणे ‘वयामुळे सांधे धरले’ म्हणून महिनोन्‌महिने खपून जाते ते यामुळेच. दुखते आहे अशी शंका आली म्हणून घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी मात्र देऊ नये. त्याने जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यक बाईंनी आजारी जनावराचे दिवस कसे चालले आहेत हे पाहण्यासाठी सात कसोट्या सुचवल्या: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५च्या वर असेल तर चालले आहे ते ठीक आहे असे धरायचे. आमच्या घरी हा तक्ता फ्रिजवर लावला होता, आणि आईचे व माझे गुण जवळजवळ कधीच जुळले नाहीत, पण त्यामुळे निदान काळीकडे नीट पाहणे तरी झाले.

काळीची गाठ शेवटी काढली. बायोप्सीचा रिपोर्ट नऊ दिवसांनी आला: कॅन्सरच, पण कमी आक्रमक प्रकारचा, आणि कडा स्वच्छ. फुप्फुसांत काही उतरले आहे का हे पाहण्यासाठी दर तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढायचा आहे. पहिले दोन स्वच्छ आले, तिसरा पुढच्या महिन्यात आहे. मधल्या काळात गाठीची जागा दर रविवारी बोटांनी चाचपून तारखेसह वहीत लिहितो, आणि ती ते मुकाट्याने करू देते, कारण त्यानंतर तिला उकडलेले अंडे मिळते.