भोपळा बाराशेचा, वाद फुकटचा

एका लाल भोपळ्याचे बाराशे रुपये मोजून बंडू रविवारी दुपारी इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या ओटल्यावर आला आणि अंधार पडेपर्यंत वाद चालला. मिलिंद म्हणाला, हे कुणीतरी लिहून काढा, नाहीतर पुढच्या रविवारी सगळे नव्याने सुरुवात करतील. म्हणून हे.

बाजारात तो भोपळा पन्नासच्या वर जाणार नाही. बंडूने तो शांतवनच्या चर्चमधून लिलावात घेतला होता.

शांतवन आमच्यातलाच. मूळचा नगरकडचा, वीज मंडळातून रिटायर झालेला, कमी बोलणारा. त्यांच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा हंगामाचा सण असतो. मंडळीतली, म्हणजे चर्चची सभासद माणसं घरातलं जे असेल ते आणतात. पपया, मेथीच्या जुड्या, अंडी, लोणच्याच्या बरण्या, केक, एखादी पाय बांधलेली कोंबडी. सगळं वेदीपुढे मांडतात, उपासना होते, आणि मग बाहेर मांडवात लिलाव. गंमत पुढे आहे. बोली जिंकणारा पैसे देतो आणि वस्तू परत टेबलावर ठेवतो, की ती पुन्हा बोलीला उभी. बंडू सांगत होता, एका अंड्याने त्याच्या डोळ्यांदेखत तीन मालक बदलले. चौथ्याने ते घरी नेलं, कारण त्याच्या नातवाने हट्ट धरला. बंडूला ही परत ठेवण्याची रीत कुणी सांगितलीच नव्हती. तो भोपळा काखेत मारून सरळ स्कूटरवर बसला.

अण्णांनी भोपळ्यावर टिचकी मारली. "आत काय भरलंय, बायबल?"

शांतवन हसला. अण्णा हसले नाहीत.

"पैसे जातात कुठे ते सांग," अण्णा म्हणाले. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला आधी हेच सुचणार.

यंदाचे पैसे गुरुवारच्या खिचडीला, शांतवन म्हणाला. एमवाय या इथल्या सरकारी हॉस्पिटलला ज्याचं कधी काम पडलंय त्याला तिथलं चित्र सांगायला नको. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोनकडून पेशंट येतो, त्याच्याबरोबर घरचे तिघंचौघं. पेशंटला आत जेवण मिळतं. बाकीचे पोतं अंथरून भिंतीकडेला. कुणाकडे परतीच्या बसचे पैसे सोडून काही नसतं आणि ते पैसे मोडायचे नसतात. शांतवनची मंडळी दर गुरुवारी दोन मोठी पातेली घेऊन जाते. तांदूळ, मूगडाळ, हळद, भरपूर जिरं, आणि वरून शेव. (इंदुरात शेवेशिवाय खिचडी वाटली तर पुण्य लागत नाही, उलट बोलणी खावी लागतात.)

"आणि खिचडीबरोबर पुस्तक," अण्णा म्हणाले.

"नाही."

"प्रार्थना?"

इथे शांतवन जरा थांबला. म्हणाला, पूर्वी व्हायची. टेम्पोपाशी उभं राहून पाळक दोन मिनिटं प्रार्थना करायचे, मग वाढायला सुरुवात. कमिटीत त्यावर भांडण झालं. आता प्रार्थना चर्चच्या स्वयंपाकघरातच होते, पातेली गाडीत चढण्याआधी.

"भीतीने की समजुतीने?" मिलिंदने विचारलं.

"कमिटीत अकरा माणसं आहेत," शांतवन म्हणाला. "दोन्ही कारणं भरपूर होती."

भीतीचं कारण उघड आहे. मध्य प्रदेशात धर्मांतराचा कायदा 1968 पासून होताच, 2021 मध्ये नवा आला. शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते, आणि 'प्रलोभन' या शब्दात भेटवस्तूपासून नामांकित शाळेतल्या शिक्षणापर्यंत बरंच काही बसतं. शेवेची मूठ त्यात बसते का, हे शेवटी तक्रार करणाऱ्याच्या मनावर. मिलिंद सीए आहे. त्याला कलमं पाठ, आणि ती म्हणून दाखवायची हौसही.

अण्णांनी मग ठेवणीतला मुद्दा काढला. परदेशी पैसा.

मिलिंदला आयतंच मिळालं. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए कायद्याखाली नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेतल्या खात्यात उतरतो, तिथून दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि ऑफिसखर्चाला वीस टक्क्यांच्या वर हात लावता येत नाही. पूर्वी ही मर्यादा पन्नास होती. "आता बंडूचे बाराशे कुठल्या देशातून आले ते बघू."

"सुदामा नगरातून," बंडू म्हणाला. "आणि घरी अजून सांगितलेलं नाही."

इथवर हसतखेळत चाललं होतं. बिनसलं ते छप्पन्याच्या दुष्काळावरून.

अण्णा म्हणाले, आजची खिचडी सोडा, मुळात ही मंडळी माळव्यात वाढली कशी? संवत 1956 चा दुष्काळ, म्हणजे 1899-1900. गावंच्या गावं ओस पडली, आणि मिशनवाल्यांनी अनाथ पोरं गोळा करून अनाथालयांत नेली. पोटाला दिलं, अक्षर शिकवलं आणि ख्रिस्ती केलं. "भुकेल्या पोराची कसली आलीय मर्जी? त्याला कुणी विचारलं?"

शांतवन बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या हिची पणजी त्यातलीच. गाव कुठलं हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. विहीर आणि चिंचेचं झाड एवढंच आठवायचं. बरोबर भाऊ होता, तो वाटेत गेला. तिला कुणी विचारलं नाही, हे खरं आहे अण्णा. तिच्या गावच्या ज्या वाड्यांत तेव्हा धान्य होतं, त्यांनी तरी तिला कुठे काय विचारलं?"

अण्णा गप्प झाले, पण पटलं म्हणून नव्हे. मलाही दोघांचं अर्धंअर्धं पटत होतं. उपाशी पोराला जेवू घालणाऱ्याच्या हातात त्या पोराचं सगळं आयुष्य येतं, मग देणारा कितीही भला असो. हे अण्णांना दिसतं. ते पोर जगलं म्हणून आज त्यावर वाद घालायला त्याची पतवंडं आहेत, हे शांतवनला दिसतं. मराठी माणसाला हा पेच नवा नाही. त्याच सुमाराच्या आधल्या दुष्काळात, 1896-97 मध्ये, पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली पुण्याकडे घेऊन गेल्या होत्या. त्यांच्यावरही पुण्यात हीच ओरड झाली. ओरडणाऱ्यांपैकी किती जण मुली आणायला गेले होते, ते वेगळं.

"मग शांतवन, तुझ्या घराण्याला काय मिळालं ख्रिस्ती होऊन?" बंडूने विचारलं. बंडूला नको तिथे सरळ विचारायची सवय आहे.

"मिळालं ते शाळा. गेला तो दाखला." 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची सवलत फक्त हिंदूंना होती. 1956 मध्ये शीख आत आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. "माझ्या चुलतभावांना जे मिळालं ते मला नाही. एवढं सोडून कुणी खिचडीसाठी येत असेल तर त्याची भूकच मोठी म्हणायची."

"आदिवासींचा दाखला जात नाही," अण्णा म्हणाले. "आणि एमवायबाहेर झोपतात ते बहुतेक आदिवासीच."

कायद्याने अण्णा बरोबर होते, आणि शांतवननेही तसं मान्य केलं. कट्ट्यावर समोरच्याचा बरोबर मुद्दा कुणी कबूल केला की सगळ्यांना क्षणभर चुकल्यासारखं होतं.

तेवढ्यात दुधाची पिशवी घेऊन सुनंदाताई आल्या. त्यांची सगळी नोकरी नर्सिंगची. वाद कशाचा ते कळल्यावर म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही ख्रिश्चन कॉलेजचेच ना?"

अण्णांची पंचाईत झाली. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे लोक 1877 मध्ये इंदुरात आले. रस्त्यावर प्रवचन करण्यावरून होळकर दरबाराशी त्यांचं वाजलं. आणि दहा वर्षांनी, 1887 मध्ये, त्यांनी जे कॉलेज काढलं त्याच कॉलेजचे अण्णा बी.कॉम. किशोरकुमारने तिथल्या कँटीनची उधारी कशी ठेवली, हा किस्सा आम्ही अण्णांकडून इतक्या वेळा ऐकलाय की ती उधारी आता आमच्याच अंगावर आहे असं वाटतं.

"तिथे बाटवलं का तुम्हाला?"

"मला बाटवायला कुणाला वेळ होता," अण्णा म्हणाले. "पण कॉलेज निराळं. मी फी भरून शिकलो, उपाशीपोटी नव्हे."

ही रेघ त्यांनी ओढली ती मला महत्त्वाची वाटली. फी देणारा आणि हात पसरणारा, या दोघांत देणाऱ्याने वेगळं वागायला हवंच. अण्णांचं चुकतं ते एवढंच की हा प्रश्न ते एकाच दारात उभे राहून विचारतात. अहिल्याबाईंनी काशी-गयेपर्यंत घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं केली, आपल्या राज्याबाहेर, खासगीतल्या पैशातून. तिथे जेवणाऱ्याला कुठला देव ते विचारत नव्हते, हे अण्णा अभिमानाने सांगतात आणि सांगावंच. मग आज अन्न वाटणाऱ्या प्रत्येकाला, मंदिर असो, गुरुद्वारा असो, पक्षाचा नगरसेवक असो, तोच गज लावायला हवा.

अण्णांनी मग 1995 चा विषय स्वतःच काढला, ही मात्र त्यांची कमाल. उदयनगरच्या सिस्टर राणी मारिया. देवास जिल्ह्यातल्या त्या भागात शेतमजुरांना बचत शिकवायच्या, सावकाराच्या पाशातून सुटायची वाट दाखवायच्या. 25 फेब्रुवारीला इंदूरला येणाऱ्या बसमधून ओढून त्यांना भोसकून मारलं. अण्णांच्या बँकेत तेव्हा त्या भागातले कर्जदार होते. "त्या बाईने धर्म बदलायला लावला म्हणून नाही मारलं," अण्णा म्हणाले. "लोकांचे व्याजाचे हिशेब लोकांना समजावले, म्हणून मारलं. बँकवाल्याला हे कळतं."

"त्या कॅथलिक," शांतवन म्हणाला. "आमच्यातल्या नव्हेत." त्याला हा फरक फार महत्त्वाचा, आणि आम्हाला इतक्या वर्षांत तो लक्षात राहत नाही. सुनंदाताईंनी पुढचं सांगितलं. सिस्टरच्या सख्ख्या बहिणीने, त्याही नन, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. तो 2006 मध्ये सुटला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरातच राणी मारियांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा मोठा सोहळा झाला. "मला राखी जमली नसती," ताई म्हणाल्या आणि दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

एवढं झाल्यावर वाद संपेल असं मला वाटलं होतं. पण खरी ठिणगी शांतवननेच टाकली. त्याला राग होता तो अण्णांवर नाहीच, त्याच्याच मंडळीतल्या पोरांवर. गेल्या महिन्यात त्यांनी टेम्पोला बॅनर लावला, चर्चचं नाव मोठ्या अक्षरांत. आणि खिचडीची पत्रावळ हातात घेतलेल्या एका म्हातारीचा फोटो स्टेटसला टाकला. "तिला विचारलं का, म्हटलं. तर म्हणतात, अंकल, लोकांना कळलं की देणगी वाढते. देणगी वाढली तर साउंड सिस्टीम घेता येईल!"

बायबलात मत्तयाच्या सहाव्या अध्यायात लिहिलंय, दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. शांतवनने ते म्हणून दाखवलं. मग नाइलाजाने म्हणाला, या बाबतीत कॅथलिक शहाणे. त्यांची सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे, 1833 मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी काढलेली. गरजू घरात दोघं-दोघं मिळून जातात, गाजावाजा न करता. बैठकीत एक पिशवी फिरते, तिच्यात मूठ घालायची. कुणी शंभर टाकले आणि कुणी रिकामी मूठ उघडली, कुणाला कळत नाही.

"फोटोत वाईट काय?" बंडू म्हणाला. "आपल्या गणेश मंडळाने वह्या वाटल्या, तेव्हा फ्लेक्स लावलाच होता की."

"बारा फुटी," मिलिंद म्हणाला. "आणि वह्या चाळीस. फ्लेक्सचं बिल वह्यांपेक्षा जास्त होतं, मीच ऑडिट केलंय." मंडळाचे अध्यक्ष अण्णा होते. मिलिंदने ते बोलून दाखवलं नाही.

अण्णांनी चष्मा पुसला. "फ्लेक्स चूकच होता," म्हणाले. "पण फ्लेक्सवर गणपती होता म्हणून कुणी आपला धर्म सोडला नसता. तुमच्या बॅनरवर क्रूस असेल तर घेणाऱ्याच्या मनात काय येतं, याचा विचार तुम्ही करायचा. मी नाही."

"तेच तर मी कमिटीत ओरडतोय," शांतवन म्हणाला. "तुमचं आणि माझं भांडण काय आहे मग?"

"माझा अजून विश्वास बसलेला नाही. मी गुरुवारी येऊन बघणार."

"या."

"कुणी हातात काही कागद दिला तर तिथल्या तिथे तमाशा करीन."

"करा की," शांतवन म्हणाला. "पण साडेसहाला या. पातेलं उचलायला दोन माणसं कमी पडतात."