गुरुजींना कोणीही बेड्या घालत नाहीये

समलिंगी विवाहांबद्दलचा एक मेसेज सध्या पुन्हा फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, पालकांच्या ग्रुपवर आला, आणि शेवटी नौपाड्यातल्या ज्या गुरुजींशी माझं नोंदणीच्या कागदांवरून नेहमी बोलणं होतं, त्यांनीच तो मला पाठवला. खाली एक ओळ होती: "वकीलबाई, आम्हाला खरंच जावं लागेल का हो?"

मेसेज लांबलचक आहे, त्याचा मथितार्थ असा. समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली की गुरुजी, फादर, काझी सगळ्यांना ती लग्नं लावणं सक्तीचं होणार. नकार दिला तर तुरुंग. अमेरिकेत एका धर्मगुरू बाईंना असंच आत टाकलं. कॅनडा-इंग्लंडात चर्चना कायद्याने भाग पाडलं. निदान सरकारी अधिकाऱ्याला तरी धर्माच्या कारणावरून नाही म्हणता आलं पाहिजे. आणि हिंदू संस्कृतीत हे कधी झालं नाही, होणारही नाही.

यातला एक मुद्दा गंभीर आहे, त्याच्याशी वाद घालण्यासारखा आहे. बाकीचे आधी निपटवू.

मान्यता मिळाल्याचं जे सूचित केलंय, ते चूक आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या याचिकांचा, म्हणजे सुप्रियो खटल्याचा, निकाल दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला तरी कायदेशीर दर्जा द्यावा का, यावर तीन विरुद्ध दोन असं 'नाही' आलं. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. २०१८ साली ३७७ कलमातून परस्परसंमतीचे संबंध वगळले गेले, ते फक्त गुन्हेगारीच्या यादीतून. लग्नाचा त्यात संबंध नव्हता.

आता सक्तीचा मुद्दा. या खटल्याच्या पहिल्याच दिवशी, १८ एप्रिल २०२३ ला, कोर्टाने सांगून टाकलं होतं की धर्मांच्या विवाह कायद्यांत आम्ही शिरणार नाही, विचार होईल तो १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरता. हिंदू विवाह कायद्याखाली मान्यता मागणारेही होते, तो भाग बाजूला ठेवला गेला. म्हणजे याचिका मान्य झाल्या असत्या, तरी लग्नं लागली असती ती रजिस्टर पद्धतीने. तिथे गुरुजींना काम काय?

रजिस्टर लग्न कसं लागतं हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नोटीस द्यायची, ती कार्यालयाच्या बोर्डावर लागते, तीस दिवस थांबायचं. ठरल्या दिवशी जोडपं आणि तीन साक्षीदार येतात. साहेब, म्हणजे विवाह अधिकारी, आधार कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून बघतात. साक्षीदारातला एक मित्र हटकून मूळ ओळखपत्र घरी विसरलेला असतो, मग त्याचा भाऊ रिक्षाने ते घेऊन येईपर्यंत सगळे ताटकळतात. मुलीची मावशी तेवढ्यात गजरा सारखा करते. मग कलम १२ प्रमाणे दोघं एकमेकांना, समजेल त्या भाषेत, 'मी तुझा कायदेशीर पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकार करते' अशा अर्थाचं वाक्य म्हणतात, सह्या होतात, दाखल्याची नोंद होते. साहेब अक्षता टाकत नाहीत, आशीर्वाद देत नाहीत. कित्येकदा मान वरही करत नाहीत, कारण बाहेर पुढचं जोडपं उभं असतं.

उरला धार्मिक विधी. ठाणेकरांनी टेंभी नाक्यावरून तलावपाळीपर्यंत पायी यावं. बेने इस्रायलींचं शआर हाशामाईम सिनेगॉग, अग्यारी लेनमधली अग्यारी, पुढे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आणि मग कौपिनेश्वर. इतक्या अंतरात चार धर्म भेटतात, आणि कुठलं लग्न लावायचं नाही याचे नियम चारही धर्मांकडे आहेत, आजही. पारशी विवाह कायदा १९३६ चा आहे. त्यात धर्मगुरूने आशीर्वादाचा विधी केल्याशिवाय लग्न वैध नाही, आणि वधू-वर दोघंही पारशी हवेत. कोर्टातून घटस्फोट घेतला पण चर्चकडून आधीचं लग्न रद्दबातल ठरवून घेतलं नाही, अशा कॅथलिक माणसाचं दुसरं लग्न फादर लावत नाहीत. मुसलमान मुलगी आणि हिंदू मुलगा असेल तर काझी निकाह पढवत नाहीत. आणि आपले गुरुजी? सगोत्र म्हणून नाही म्हणतात, चातुर्मासात मुहूर्त नाही म्हणून नाही म्हणतात, काही जण आंतरजातीय म्हणूनही तोंड फिरवतात. या नकारांपायी आजवर कुठल्या फादरला, काझीला किंवा दस्तुरांना पोलिसांनी उचललंय? धार्मिक विधी कुणासाठी करायचा हे ठरवण्याची मोकळीक घटनेच्या २५ आणि २६ कलमांच्या आसऱ्याने आहे, आणि ती असावी असंच माझं मत आहे. ज्याच्या मनात नाही त्याच्याकडून मंगलाष्टकं म्हणवून घेण्यात कुणाचंच मंगल नाही.

एक अपवाद नोंदवायला हवा, नाहीतर उद्या कुणी 'बाईंनी सगळीच मोकळीक दिली' म्हणेल. अस्पृश्यता पाळून सेवा नाकारणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. 'माझी श्रद्धा' म्हणून तिथे सुटका नाही. आणि गुरुजींना लग्नावरून तुरुंगाची खरी भीती असेल तर ती उलट दिशेने आहे. बालविवाह लावला तर २००६ च्या कायद्याच्या कलम १० खाली दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. महापालिकेच्या विवाह नोंदणीच्या अर्जात पुरोहिताचं नाव, पत्ता, सही लागते, तेव्हा 'मी नव्हतोच' म्हणायची सोय नाही. अस्पृश्यतेचा तो अपवाद सोडला, तर लग्न लावलं म्हणून आत जाता येतं, नाकारलं म्हणून नाही.

'पुरोहितावर सक्ती' हे शब्द महाराष्ट्राच्या तोंडी तर फारच गमतीचे आहेत. इथे दीडशे वर्षांपूर्वी भांडण होतं ते पुरोहिताच्या सक्तीचं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि भटाविना लग्नं लागू लागली. लोकांनी आपापली लग्नं आपापली लावली, तर ग्रामजोशी, म्हणजे गावचे वंशपरंपरागत पुरोहित, वतनाचा हक्क सांगत दक्षिणेसाठी कोर्टात गेले. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांचं प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. आम्हाला बोलावलं नाही तरी आमचे पैसे द्या, असा तो दावा. शेवटी १९२६ मध्ये मुंबई प्रांताला कायदा करून न बोलावलेल्या पुरोहिताच्या दक्षिणेचा हक्क संपवावा लागला. नको असलेल्या गुरुजींना यजमानाच्या गळ्यात बांधण्याचा अनुभव आपल्याकडे भरपूर आहे. उलटा एकही सापडत नाही.

अमेरिकेतल्या 'धर्मगुरू बाई' म्हणजे किम डेव्हिस. त्या धर्मगुरू नव्हत्या. केंटकी राज्यातल्या रोवन काऊंटीच्या त्या निवडून आलेल्या क्लार्क, पगारी सरकारी पदावर. लग्न लावायचं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. त्यांच्या कचेरीतून विवाहाचा परवाना द्यायचा होता, एवढंच. २६ जून २०१५ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला, तर बाईंनी सगळ्यांचेच परवाने बंद केले, स्त्री-पुरुष जोडप्यांचेसुद्धा. फेडरल न्यायाधीशांनी परवाने द्या असा हुकूम केला, तो त्यांनी मोडला, आणि ३ सप्टेंबरला कोर्टाच्या अवमानासाठी त्यांची तुरुंगात रवानगी झाली. हाताखालच्या कारकुनांनी परवाने द्यायला सुरुवात केली, आणि ८ तारखेला बाई सुटल्या. या सगळ्यात कुठल्याही पाद्रीला कसलाही हुकूम नव्हता. २०२२ मध्ये तिथल्या संसदेने या विवाहांना संरक्षण देणारा कायदा केला, तेव्हा धार्मिक संस्थांवर विवाहसोहळ्यासाठी सेवा देण्याची सक्ती नाही, हे त्याच कायद्यात लिहिलं.

कॅनडाचं तर मेसेजवाल्याने वाचलेलंच नाही. २००५ च्या तिथल्या नागरी विवाह कायद्याच्या कलम ३ मध्येच धर्मसंस्थांचे अधिकारी आपल्या श्रद्धेत न बसणारं लग्न नाकारायला मोकळे आहेत, असं म्हटलंय. त्याआधी डिसेंबर २००४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की धर्मगुरूवर अशी सक्ती केली तर तीच घटनेच्या विरुद्ध होईल. इंग्लंडच्या २०१३ च्या कायद्याने तर कडेकोट बंदोबस्त केला. धर्मसंस्थेने स्वतःहून तयारी दाखवल्याशिवाय तिच्याकडे असं लग्न लागूच शकत नाही, ती तयार असली तरी एखाद्या पाद्रीला व्यक्तिशः नकार देता येतो, आणि चर्च ऑफ इंग्लंडला आणखी वेगळं कुंपण.

मेसेजच्या बाजूने जेमतेम उभं राहू शकेल असं उदाहरण डेन्मार्कचं आहे, आणि ते त्यात नाही. तिथलं लोकचर्च सरकारी आहे. २०१२ साली संसदेने चर्चमध्ये समलिंगी विवाह सुरू केले, म्हणजे चर्च म्हणून 'आम्ही करणारच नाही' असं म्हणायची वाट राहिली नाही. तरी एकेका पाद्रीला नकाराची मुभा ठेवली, त्याने नाही म्हटलं तर बिशपने दुसरा पाद्री द्यायचा. सरकार आणि चर्च एकाच संसाराचे असले की काय होतं, हे त्यातून दिसतं. आपल्याकडे गुरुजी सरकारचे नोकर नाहीत, म्हणून ती वेळ येत नाही.

आता तो गंभीर मुद्दा. सरकारी अधिकाऱ्याला श्रद्धेच्या कारणाने नकार देता यावा का?

यावर जगभर डोकी फुटली आहेत, आणि दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं आहे. लंडनच्या इस्लिंग्टन भागात एक ख्रिस्ती निबंधक बाई २००२ पासून लग्नांची नोंदणी करत होत्या. २००५ च्या अखेरीस समलिंगी जोडप्यांची नागरी भागीदारी, म्हणजे लग्नासारखीच कायदेशीर नोंद, सुरू झाली, आणि नोकरीला लागताना नसलेलं काम त्यांच्या टेबलावर आलं. त्यांनी नकार दिला, कारवाई झाली, त्या अपील कोर्टात हरल्या आणि जानेवारी २०१३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही हरल्या. तिथे दोन न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने वेगळं मत दिलं, आणि ते वाचल्यावर त्यांची बाजू झटकन उडवून लावता येत नाही. नेदरलँड्सने मधला मार्ग काढला. जुन्यांना बराच काळ सांभाळून घेतलं, आणि २०१४ मध्ये नव्याने असा अधिकारी नेमायचा नाही असा कायदा केला. दक्षिण आफ्रिकेने २००६ मध्ये अधिकाऱ्यांना सदसद्विवेकाच्या नावाने नकाराची सूट दिली, पण अनेक कार्यालयांत जोडप्यांना लग्न लावणारं कुणी मिळेना, तेव्हा २०२० मध्ये तीच सूट काढून टाकली.

माझं मत दक्षिण आफ्रिकेच्या अनुभवाकडे झुकतं, आणि त्याला कारण आपलं ठाणंच आहे. विशेष विवाह कायद्याकडे येतं कोण? घरून विरोध असलेली जोडपी, आंतरधर्मीय, आंतरजातीय. ज्यांना गुरुजी, फादर, काझी यांनी आधीच नाही म्हटलंय, तेच पायऱ्या चढून या खिडकीशी येतात. इथल्या साहेबांनाही 'माझ्या धर्मात बसत नाही' असं म्हणायचा अधिकार दिला, तर समलिंगी लग्नांचा प्रश्न येईतो थांबायची गरजच नाही. हिंदू-मुसलमान जोडप्याचा अर्ज उद्या सकाळी परत जाईल. एका जिल्ह्यात असे अधिकारी असतात किती? गुरुजींनी नाही म्हटलं तर दुसरे गुरुजी बघता येतात, देऊळ बदलता येतं, गुरुजींशिवायही भागतं. सरकारने नाही म्हटलं की दुसरं सरकार कुठून आणणार? म्हणून नकाराचा हक्क गुरुजींचा आहे, तसाच खिडकीआडच्या साहेबांचा असू शकत नाही. साहेबांना मनातून पटत नसेल तर बदली मागावी, कुणी अडवलेलं नाही. खुर्चीवर बसून मात्र अर्ज घ्यावा लागेल.

आपल्याकडे याची चुणूक दिसलीये. तुतिकोरिनमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये एका पुरुषाचं आणि ट्रान्स स्त्रीचं देवळात हिंदू पद्धतीने लग्न लागलं. अडवणूक झाली ती नंतर, नोंदणी खात्यात. मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये निकाल दिला, आणि हुकूम झाला तो नोंदणी खात्याला. सुप्रियो निकालातही भिन्नलिंगी नात्यातल्या ट्रान्स व्यक्तींना आजच्या कायद्याने लग्न करता येतं, हे मान्य झालंय. मेसेजमध्ये याचा मागमूस नाही.

हॉलवाले, केटरर आणि फोटोग्राफर यांचं काय, असं ग्रुपवर कुणीतरी विचारलंच. त्यांचा धंदा आहे, धर्मविधी नाही, त्यामुळे त्यांना गुरुजींच्या पंगतीत बसवू नका. ट्रान्स व्यक्तींना सेवा नाकारण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहेच.

राहिलं 'हिंदू संस्कृतीत कधी झालं नाही'. शेजारी नेपाळ आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टाने जून २०२३ मध्ये अशा विवाहांची तात्पुरती नोंद करण्याचा अंतरिम आदेश दिला. एक जोडपं, कागदोपत्री दोघंही पुरुष, नोंदणीसाठी काठमांडूच्या जिल्हा न्यायालयात गेलं. न्यायालयाने नाही म्हटलं. २९ नोव्हेंबर २०२३ ला लमजुंग जिल्ह्यातल्या एका गावपालिकेत अखेर नोंद झाली. त्या दोघांचं लग्न देवळात, घरच्यांच्या संमतीने, २०१७ सालीच लागलेलं होतं.