129 देवळं जाळणारा साहेब आणि आमचा ग्रुप

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकच भांडण चालूय, कुठल्यातरी अधिकाऱ्याने रस्त्यातलं देऊळ हटवलं तर तो समाजसुधारक की धर्मद्वेष्टा. तिसरं काही असूच शकत नाही म्हणे. इथे दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर बसून वाचताना डोकं फिरतं, कारण ही केस इथे 1702 मध्येच होऊन गेलीय.

ई ह्योंग-सांग, जोसनच्या, म्हणजे तेव्हाच्या कोरियाच्या, राजाने पाठवलेला मोक्सा, म्हणजे इथला कलेक्टरच समजा. जेमतेम वर्षभर टिकला, पण तेवढ्यात 129 देवस्थानं जाळली, सिंबांग लोकांना, म्हणजे इथल्या भगतांना, शेतीला जुंपलं, जवळच्या नात्यातली लग्नं बंद केली. हेतू काय तर माणूस कट्टर कन्फ्युशियन, वर राजघराण्याच्या वंशातला, आपले विधी तेवढे खरे, बाकी अडाणीपणा. आणि वरिष्ठांना दाखवायचंही होतंच की! दौऱ्याची चित्रं काढून घेतली, त्यातल्या एकात अधिकारी उत्तरेकडे राजाला वाकून नमस्कार करतायत आणि तिकडे देवळं पेटलीयत. पण याच माणसाने दरबाराला लिहून कळवलं की कर म्हणून द्याव्या लागणाऱ्या अबालोनी या समुद्री गोगलगायींपायी हेन्यो, म्हणजे समुद्रात बुड्या मारणाऱ्या बायका, आणि कोळी पिचून निघालेत, आणि एका हद्दपार माणसाची बाजू घेतली म्हणून शेवटी पद गेलं. आता टाका त्याला तुमच्या खान्यात.

लोकांनी सूड उगवलाच. गोष्टींमध्ये 129 ची झाली पाचशे देवळं, वर पाचशे मठ, आणि देव कोपले म्हणून त्याची पोरं मेली म्हणे. ते जळतं चित्र गनिपच्या बंदराचं, आणि त्याच गनिपमध्ये आज दरवर्षी योंगदुंग या वाऱ्याच्या देवीचं गूत, म्हणजे सिंबांगांचा विधी, होतं, ते 2009 पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर एक मित्र म्हणतो, तुला काय रे, तू तिकडे मजेत. राग आला, पण त्याचं अगदीच चूक नाहीये. गावच्या जत्रेला गेलो की मी मोक्सासारखाच बघतो, बोकड, लाऊडस्पीकर, अंगात आलेल्या बायका, आणि आईला लेक्चर देतो. इथे गूताला मात्र पहिल्या रांगेत बसतो, सिंबांगच्या ताटात पैसे ठेवतो आणि व्हिडिओ काढून आईलाच पाठवतो, बघ किती छान परंपरा जपलीय म्हणून. तिने विचारलं, आपल्या देवीचा कधी काढलास का रे?