'आधी गल्ली जिंका': एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय उमेदवारांनी गव्हर्नरपदाआधी नगर परिषद, शाळा मंडळ, काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) सरकारी वकील अशा जागांवर जोर लावावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांनी लिहिलं आहे: "ताई, अमेरिकेत सुखात बसून काळ्यांना 'आधी गल्ली जिंका' असं शिकवणं सोपं आहे. मोठं नाव असल्याशिवाय ती माणसं घराबाहेरच पडत नाहीत, स्टेसी अब्राम्स बघा." (अब्राम्स म्हणजे जॉर्जिया राज्यात गव्हर्नरपद लढवलेल्या कृष्णवर्णीय नेत्या.)

'ताई' म्हणायचं आणि त्याच दमात हिणवायचं, ही कुठली रीत? जिला कधी भेटला नाहीत ती बाई कुठे बसते, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी मिसूरी राज्यातल्या सेंट लुइस काउंटीत राहते. २०१५च्या एप्रिलमधल्या निवडणुकीआधी इथल्याच फर्ग्युसन गावात, वेस्ट फ्लोरिसंट अव्हेन्यूच्या मागच्या गल्ल्यांत मी दारोदार हिंडले आहे. यादीत एक नाव, दारात दुसरंच कोणी. भाडेकरू घरं बदलतात, मतदार नोंदणी जुन्याच पत्त्यावर राहते. रात्रपाळीहून आलेली एक बाई दार अर्धवट उघडून म्हणाली, "निवडणूक? ती नोव्हेंबरात झाली की." आमच्याकडे नगर परिषदेचं मतदान एप्रिलमध्ये असतं. तेव्हा ना राष्ट्राध्यक्षांची निवडणूक, ना टीव्हीवर जाहिराती. तिला 'ती माणसं' म्हणून झटकून टाकायची माझी हिंमत नाही. तुमची झाली.

आणि मोठं नाव म्हणता, तर ओबामांहून मोठं कोणतं आणणार आहात? २०१२च्या नोव्हेंबरात ते उभे होते, तेव्हा फर्ग्युसनने भरभरून मतदान केलं. पाचच महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये, जेमतेम १२ टक्के लोक मतदानाला आले. गावात दोन तृतीयांश वस्ती कृष्णवर्णीयांची, आणि सहा जणांच्या नगर परिषदेत कृष्णवर्णीय सदस्य एक! पोलिसखातं त्याच नगराच्या हाताखाली. ऑगस्ट २०१४ मध्ये मायकल ब्राउन हा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण तिथल्या पोलिसाच्या गोळीने गेला, तेव्हा हे सगळ्या जगाने पाहिलं.

२०१५च्या एप्रिलमध्ये मतदान तीस टक्क्यांच्या आसपास गेलं आणि परिषदेत एकाचे तीन झाले. लोक संतापाने बाहेर पडले म्हणाल, तर हो, पडले. पण मत द्यायला ओळखीचा, विश्वासाचा माणूस उभा नसता तर तो संताप कुठे गेला असता? त्या वेळी निवडून आलेल्या एला जोन्स २०२० मध्ये फर्ग्युसनच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौर झाल्या. त्यांच्याबरोबरच निवडून आलेल्या वेस्ली बेल यांनी २०१८ मध्ये बॉब मॅकलॉक यांना पक्षांतर्गत निवडणुकीत हरवलं. हे मॅकलॉक १९९१ पासून काउंटीचे सरकारी वकील होते, ब्राउन प्रकरण त्यांच्याच हाताखाली ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) गेलं होतं. बेल आज वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहात आहेत. त्यांची सुरुवात त्या 'गल्ली'तूनच झाली, साहेब.

अब्राम्स यांचं नाव तुम्ही माझ्याविरुद्ध काढलंत याचं तर मला नवलच वाटतं. गव्हर्नरपदाला उभ्या राहण्याआधी त्या दहा वर्षं जॉर्जियाच्या विधानसभेत होत्या, त्यातली बरीच वर्षं अल्पमतातल्या पक्षाच्या नेत्या म्हणून. २०१८ मध्ये त्या साधारण ५५ हजार मतांनी हरल्या. १९८९ मध्ये व्हर्जिनियाचं गव्हर्नरपद सात हजारांहूनही कमी मतांनी जिंकलेले कृष्णवर्णीय नेते डग्लस वाइल्डर त्याआधी राज्याच्या सिनेटमध्ये सोळा वर्षं होते, मग उपराज्यपाल झाले. खालचं काम झालेलं नसतं तर एवढ्या अटीतटीला गाडी आलीच नसती.

एक मान्य करते. 'प्रत्येक' उमेदवाराला आधी खालची निवडणूक जिंकावीच लागते, असं सरसकट मी लिहायला नको होतं. मॅसॅच्युसेट्सचे डेव्हल पॅट्रिक आणि मेरीलँडचे वेस मूर आधी कुठलीही निवडणूक न जिंकता थेट गव्हर्नर झाले. पुरोगामी, डेमोक्रॅटिक राज्यांत ते जमतं, मिसूरीत जमत नाही.

निधी आणि मतदारसंघांची फेररचना, हे तुमचे बाकीचे मुद्दे लेखाच्या विषयातच नव्हते. तरी एवढं सांगते की फर्ग्युसन-फ्लोरिसंट शाळा मंडळाची निवडणूक-पद्धत कृष्णवर्णीय मतदारांवर अन्याय करते, असा निकाल २०१६ मध्ये न्यायालयाने दिला. आता तिथे मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येतात. ती लढाईही गव्हर्नरपदासाठी नव्हती. तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पुन्हा लिहाल तेव्हा मात्र माझ्या शेजाऱ्यांबद्दल नीट बोला.