टाकी रिकामी करून आणा

ठाण्याच्या मामलेदारची मिसळ खाऊन उठलेला माणूस काय वाटेल ते ठरवू शकतो. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असतं, कान तापलेले असतात आणि आपण काहीतरी पराक्रम गाजवलाय असं उगाचच वाटत असतं. जानेवारीतल्या एका रविवारी अशाच अवस्थेत पाण्याचा तिसरा ग्लास रिकामा करत नंदू म्हणाला, "यंदा लेह." सामंत म्हणाला, "बाइकने." आणि गेल्या चार वर्षांत गावाच्या वेशीवरच्या गायमुखच्या पलीकडे गाडी न नेलेला मी म्हणालो, "नियोजन माझ्याकडे."

हे माझ्या तोंडून का निघालं ते सांगतो. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे, नऊ वर्षं. निवडून वगैरे आलेलो नाही. त्या वर्षीच्या सभेत चहा घ्यायला जरा मागे गेलो होतो, परत आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या. पण तेव्हापासून रकाने आखल्याशिवाय मला कुठल्याच गोष्टीचं सुख होत नाही. त्या रात्रीच एक्सेल उघडलं: तारीख, कुठून, कुठे, किलोमीटर, उंची फुटांत, पेट्रोल, मायलेज, मुक्काम, शेरा.

पहिल्याच रकान्यात गाडी रुतली. मनाली-लेह रस्ता वर्षातले जेमतेम चार-पाच महिने उघडा असतो. मे-जूनच्या सुमारास बर्फ कापून मोकळा करतात, हिवाळा आला की पुन्हा बंद. जाणकार म्हणतात सप्टेंबर उत्तम, पाऊस ओसरलेला असतो. म्हणून मी भिंतीवरचं कालनिर्णय उलटलं. सप्टेंबरच्या तोंडावर गणपती. घरात गणपती बसलेला असताना मोटारसायकलवर बसून हिमालयात जाणारा माणूस आमच्या कुळात अजून जन्माला यायचाय. गणपती गेले की पितृपक्ष. "पंधरवड्यात कसला निघतोस?" आई म्हणाली. "पितर जेवायला खाली येणार, आणि तू त्यांना भेटायला वर जाणार?" शिवाय 30 सप्टेंबरच्या आत सोसायटीची वार्षिक सभा घ्यावीच लागते, आणि खजिनदार 17,000 फुटांवर आहे हे कारण उपनिबंधकांना कसं कळवायचं याचा नमुना अर्ज अजून निघालेला नाही. ऑगस्टात श्रावण. नंदू स्वतः काही पाळत नाही, पण त्याची बायको त्याच्याकडून सगळं पाळून घेते. जुलैत हिमाचलात दरडी. मेमध्ये सामंतच्या मेहुणीचं लग्न. जूनच्या मध्यावर शाळा उघडणार, आणि पहिल्या दिवशी मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायला बाप घरात लागतो. असं खरवडत खरवडत 19 जून ते 2 जुलै एवढी फट सापडली. तिकडे 'ला' म्हणजे खिंड. आमची पहिली खिंड कालनिर्णयात निघाली.

मग सभा. सामंत खारघरला राहतो, त्यामुळे दर सभेला तो ऐरोली पुलावरून आपलं दुःख घेऊन येई. त्याला अटल सेतूवर गाडी चालवायची फार हौस, आणि जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या त्या पुलावर दुचाकीला मज्जाव. "रोहतांगखालच्या 9 किलोमीटरच्या अटल बोगद्यातून मला माझी गाडी नेता येते," तो म्हणे, "आणि घराजवळच्या अटल सेतूवर नाही. म्हणजे समुद्र ओलांडायचा तर आधी हिमालयात जा." यावर काही उत्तर नसल्याने पहिल्या तीन सभा याच विषयात संपल्या.

गाड्या भाड्याच्या की आपल्या, हा प्रश्न मात्र पाच मिनिटांत सुटला. मनालीहून भाड्याने आणलेली गाडी लेहमध्ये पोचली की तिथल्या गाडीवाल्यांच्या संघटना ती पुढे खारदुंग ला किंवा पँगाँगला नेऊ देत नाहीत. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, बरोबरच आहे. आमच्या रिक्षावाल्यांसमोर वाढलेल्या ठाणेकराला हे समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा गाड्या आपल्या, त्या रेल्वेने चंदिगडपर्यंत पार्सल, आणि तिथून चालवत.

माझा खरा जीव रमला तो पेट्रोलच्या रकान्यात. मनालीहून बोगदा पार करून गेलं की तांडी लागतं. तांडीच्या पंपावरची पाटी गाडीवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. घरापासून तीन हात नाक्यापर्यंत जाताना दोनदा पेट्रोल भरता येईल अशा गावात जन्म गेलेल्या माणसाला हा आकडा वाचून घाम फुटतो. माझी गाडी 150 सीसीची, टाकी 12 लिटरची, लिटरला 45. म्हणजे 540 किलोमीटर. उत्तम. पण गाडी जुनी, कार्बुरेटरवाली. उंचीवर हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, त्यामुळे मिश्रण गाढ होतं, गाडी धापा टाकते आणि मायलेज पडतं. किती पडतं? नंदू म्हणे दहा टक्के, सामंत म्हणे तीस. मी मधली वीसची शक्यता धरून तीन तक्ते केले. नंदूच्या बुलेटची टाकी साडेतेरा लिटरची आणि मायलेज त्याच्या मूडप्रमाणे, 25 ते 35. त्याला तांडी ते लेह कुठल्याच तक्त्यात धड पोचवता येईना. शेवटी पाच-पाच लिटरचे कॅन घ्यायचे ठरलं आणि मी त्या रात्री, वार्षिक ताळेबंद जुळल्यावर येते तशी झोप झोपलो.

उंचीच्या रकान्याने ती झोप उडवली. खारदुंग ला या खिंडीवरच्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं. मोजणीवाले म्हणतात 17,582. जवळजवळ 800 फुटांची तफावत! आमच्या सोसायटीत जिना धुण्याच्या खर्चात 800 रुपयांची तफावत निघाली होती, ती तीन वार्षिक सभा पुरली. इथे भर रस्त्यात 800 फूट बेपत्ता होते आणि लोक पाटीला टेकून फोटो काढत होते. मी शेऱ्यात लिहिलं, 'खुलासा आवश्यक'. नंदू म्हणाला, "त्यापेक्षा उमलिंग लाला जाऊ, 19,024 फूट, वादच नको." मी तो प्रस्ताव तांत्रिक कारणास्तव फेटाळला. तांत्रिक कारण म्हणजे माझी फाटली होती.

सामंत आकड्यांत पडला नाही. तो कृतीचा माणूस. वाटेत गाटा लूप्स नावाचा भाग आहे, एकापाठोपाठ एक 21 वळणं. सामंतने त्याचा सराव आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर करायचं ठरवलं. एका शनिवारी रात्री तो त्या उतारावरून 21 वेळा खाली गेला आणि 21 वेळा वर आला. आमचे वॉचमन मामा नियमाचे पक्के. त्यांनी रजिस्टरमध्ये 21 नोंदी केल्या. नाव सामंत, कोणाकडे: खजिनदार, काम: खाजगी. सोमवारी सेक्रेटरींनी मला बोलावून अतिशय हळू आवाजात विचारलं, "सगळं ठीक आहे ना घरी?"

प्रवाहांची मात्र कुणालाच चिंता नव्हती. तिकडे रस्त्यावरून ओढे वाहतात. दुपारी ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे असतात. यावर नंदू नुसता हसला. त्याने 25 पावसाळे पाणी तुंबलेल्या वंदना टॉकीजसमोरून गाडी काढली आहे. त्याचं म्हणणं, तिथल्या पाण्याला दुपार-सकाळ असं काही नसतं, तो जास्त कठीण पेपर आहे.

राहिली तब्येत. डॉक्टरांनी सांगितलं, दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दर रात्री हजार-दीड हजार फुटांपेक्षा जास्त वाढवू नका. मी तक्ता पाहिला. जिस्पा साधारण 10,500, पुढचा मुक्काम सारचू 14,000. तिसऱ्या मजल्यावर जाताना लिफ्ट बंद असली की दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून मोबाइल बघण्याचं नाटक करणारा मी, एका दिवसात साडेतीन हजार फूट चढून तिथे झोपणार होतो! सारचूचा मुक्काम खोडला. एक जादा रात्र जिस्पाला, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून सरळ लेह, असं ठरलं. मग अंतर अंगावर आलं. मग पुन्हा तीन तक्ते. डॉक्टरांनी एक गोळीही लिहून दिली. तिने उंचीचा त्रास कमी होतो, बोटांना मुंग्या येतात आणि लघवी फार होते. अंगात थर्मल, त्यावर जीन्स, त्यावर रायडिंग पँट, त्यावर रेनकोट, हातात दोन जोड मोजे, आणि लघवी फार होते. ज्याने हे औषध शोधलं त्याने मोटारसायकल पाहिली नसावी.

"गोळ्या कसल्या घेतोस?" आई म्हणाली. "कापूर हुंग." तिने फडक्यात बांधलेली कापराची पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि सहज विचारलं, "ते तुमचं लेह किती उंचावर म्हणालास?"

"साडेअकरा हजार फूट."

"आणि केदारनाथ?"

मी एक्सेलच्या शेजारी शोधलं. 11,755. आई 2011 साली, म्हणजे पुराच्या दोन वर्षं आधी, गौरीकुंडाहून 14 किलोमीटर चढून तिथे गेली होती. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला माझ्या वडिलांचा मफलर, पिशवीत लसणाची चटणी आणि दशम्या. वाटेत तिने घोड्याला नकार दिला होता, का तर घोडा दमलेला दिसत होता. आमच्या घरातलं सर्वोच्च मुक्कामाचं ठिकाण अजूनही तिच्या नावावर आहे, आणि तिने त्यासाठी एकही रकाना आखला नव्हता.

जूनच्या पहिल्या रविवारी रंगीत तालीम म्हणून माळशेज. पूर्ण सामान लादून, पूर्ण पेहराव करून, पहाटे साडेपाचला माजिवड्याला जमायचं. सामंत साडेसहाला आला, ऐरोली पूल. सातला निघालो आणि साकेत पुलावर थांबलो. थांबलो म्हणजे पुढचं सगळं जगच थांबलं होतं. ट्रक, ट्रेलर, ट्रक, मध्ये दुधाचा टेम्पो, ट्रक. जूनचा उकाडा, पाऊस यायचाय, आणि आमच्या अंगात उणे पाच अंशांसाठी शिवलेली जाकिटं. चाळीस मिनिटांनी माझ्या हेल्मेटच्या काचेला आतून धुकं धरलं. बघता बघता मनाली-लेह वाटेवरचा बारालाचा ला झाला. मी तक्त्यात तांडी ते लेह ताशी 35चा वेग धरला होता. साकेत ते माणकोलीचा वेग काढला आणि कोणालाच सांगितला नाही.

कल्याण ओलांडून मुरबादच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा साडेदहा झाले होते. आमच्या तीन गाड्या अशा दिसत होत्या जणू कुणाचं तरी बिऱ्हाड पोलिसांनी उठवलंय. तेवढ्यात दोन्ही बाजूंना दुधाचे मोठे कॅन, मागे गवताचा भारा, पायात स्लिपर अशा थाटात एक गृहस्थ शंभर सीसीच्या गाडीवरून आले. भाऱ्यावर एक कोंबडीही होती, ती बांधलेली नव्हती, आपली आपण बसली होती. त्यांनी आमच्याकडे, मग सामानाकडे, मग पुन्हा आमच्याकडे पाहिलं.

"कुठं चाललात भाऊ?"

"लेह-लडाख," नंदू छाती काढून म्हणाला.

त्यांनी घड्याळात पाहिलं. "आज?"

माळशेजला धुकं होतं का, धबधबा होता का, मला आठवत नाही. परतताना पावसाची एक सर आली आणि आमचे 'वॉटरप्रूफ' मोजे पाणी आत येऊ देतात पण बाहेर जाऊ देत नाहीत हे कळलं, एवढं शेऱ्यात आहे.

आणि मग 16 जून. गाड्या पार्सल करायचा दिवस 17. आदल्या दिवशी मी टाकी काठोकाठ भरली, पाच लिटरचा कॅन भरला, आरसीच्या झेरॉक्स काढल्या आणि खात्री करावी म्हणून पार्सलवाल्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस फार सभ्य होता. गाडी पोत्यात नीट गुंडाळून घ्या म्हणाला, आरसीची प्रत आणा म्हणाला. "आणि टाकी रिकामी करून आणा. थेंब चालत नाही. कॅनबिन तर आणूच नका."

पाच महिने मी पेट्रोल कसं संपणार नाही याचा हिशेब करत होतो.

रात्री नऊ वाजता पार्किंगमध्ये बायकोने बॅटरी धरली आणि मी टाकीखालची नळी सोडवली. बायकोच्या स्कूटरची टाकी पाच लिटरची, ती निम्मी भरलेलीच होती. अडीच लिटरमध्ये ती तृप्त झाली. उरलेल्या साडेनऊ लिटरचं आणि कॅनमधल्या पाचाचं काय करायचं? वॉचमन मामांनी ती बातमी इमानाने वर पोचवली. दहा मिनिटांत लिफ्टमधून माणसं उतरू लागली, स्कूटर ढकलत, एकेकजण "राहू दे हो, कशाला" म्हणत झाकण उघडून उभा. मी सवयीने प्रत्येकाचा फ्लॅट नंबर आणि लिटर लिहीत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दीड लिटर घेतलं आणि जाता जाता विचारलं, "पावती मिळेल ना?"

बायको बॅटरी विझवत म्हणाली, "अरे, पण रिकामी गाडी स्टेशनपर्यंत नेणार कशी?"

हा रकानाच नव्हता.

सकाळी टेम्पो बोलावला. माझी गाडी गोणपाटात गुंडाळून, दोरखंडाने आवळून उभी केली आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो. तीन हात नाक्याला सिग्नल लागला. वेळ जावा म्हणून मी मोबाइलवर एक्सेल उघडलं आणि पहिली ओळ भरली. ठाणे ते टर्मिनस, किलोमीटर 27, पेट्रोल 0 लिटर. मायलेजच्या रकान्यात एक्सेलने चूक दाखवली. शून्याने भागता येत नाही.

ड्रायव्हरने आरशातून मागच्या गोणपाटाकडे पाहिलं. "गाडी बंद पडली का दादा?"

"नाही," मी म्हणालो. "लेहला चाललीये."

त्याने बराच वेळ विचार केला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजू लागले, तेव्हा कुठे त्याने गिअर टाकला आणि म्हणाला, "एवढ्या लांबचा मेकॅनिक?"