मध खराब होत नाही, म्हणून बाळाला चाटवायचा?

मावशीच्या एका हातात महाबळेश्वरच्या जांभूळ मधाची बाटली, दुसऱ्या हातात सोन्याची अंगठी आणि मोबाईल काखेत. समोर दुपट्यात माझी भाची, वय बारा दिवस. "अगं थांब," म्हटलं तर तिने अंगठी खाली ठेवून मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "वाच. पंधरा नंबर."

'जगातील २० थक्क करणारी सत्ये' हा मेसेज गेला आठवडाभर साताऱ्यात फिरतोय. मला तो चार ग्रुपवर आला, त्यातला एक ग्रुप तर सोसायटीच्या टँकरचा हिशोब ठेवायला काढलेला. तिन्ही-चारही वेळा मी न वाचता पुढे सरकलो. चीनची भिंत चंद्रावरून दिसली काय, न दिसली काय, आपल्या घरात काय फरक पडतो, असं वाटायचं. मग तो घरात बाटली घेऊनच आला.

पंधरावं 'सत्य' असं: मध कधीही खराब होत नाही. इजिप्तच्या कबरीत सापडलेला ३००० वर्षांपूर्वीचा मधही खाण्यायोग्य होता. म्हणून मध हा जगातला एकमेव निर्जंतुक आहार असून नवजात बाळालाही निर्धास्त द्यावा.

पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. मधात पाणी फार कमी, साखर भरपूर, वर तो आम्लधर्मी. जंतू पडला तरी त्यात वाढू शकत नाही. पण "कधीही" नाही. बाटलीचं झाकण सैल राहू द्या आणि महाबळेश्वरच्या पावसात आठवडाभर उघडी ठेवा. मध हवेतली ओल ओढतो, पातळ होतो आणि फसफसतो. कबरीतला तो मध कुणी चाखला, हे मेसेजमध्ये लिहिलेलं नाही. ते जाऊ दे. खरी गोम "म्हणून" या शब्दात आहे.

जंतू वाढत नाहीत म्हणजे जंतू नसतात, असं नव्हे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत, धुळीत असतो आणि त्याचे बीजाणू मधात येऊ शकतात. कणगीतलं बी जसं वर्षभर कोरडं पडून राहतं, मरत नाही आणि ओल मिळाली की उगवतं, तसेच हे. बाटलीत ते झोपलेले असतात. आपल्या आतड्यात आधीच इतर जिवाणूंची दाटी असते, त्यांना रुजायला जागा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती दाटी अजून झालेली नसते. तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. ते विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं. थक्क व्हायचंच असेल तर हे ऐका: सुरकुत्या घालवायला सुईच्या टोकाएवढं बोटॉक्स टोचतात, ते याच विषापासून केलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं सरळ आहे: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. चमचाभर नाही, अंगठीवरचा थेंबही नाही, चोखणीला लावून नाही, गुटीत उगाळूनही नाही. आणि "उकळून देऊ का?" तर तेही नाही. हे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. त्यांना १२१ अंशांच्या आसपासची, दाबाखालची वाफ लागते.

मावशीचं पुढचं वाक्य मला पाठ होतं. "तुम्हा सगळ्यांना चाटवलाय. कोण मेलं?" कोणी नाही, खरंय. प्रत्येक बाटलीत बीजाणू नसतात, आणि असले तरी प्रत्येक बाळ आजारी पडत नाही. आजार दुर्मीळच आहे. पण तान्ह्या बाळांचा हा आजार ओळखला गेला १९७६ साली, कॅलिफोर्नियात. त्याआधी एखादं बाळ मलूल होऊन गेलं तर आपल्याकडे "दृष्ट लागली" म्हणायचे. कारण लिहून कोण ठेवत होतं? मध चाटवण्याची रीत जुनी आहे, हेही कबूल. ज्यांनी ती घालून दिली त्यांना बीजाणू दिसायचा काही मार्ग नव्हता. आपल्याला आहे.

मधाशी माझं वैर नाही. देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून २०२२ साली जाहीर झालेलं मांघर आमच्याच जिल्ह्यातलं. ती बाटली आता माझ्या फडताळात आहे आणि मी भाकरीबरोबर संपवतोय. अंगठीचा प्रश्न बहिणीनेच सोडवला: अंगठी उकळून घेतली, तिच्यावर स्वतःच्या दुधाचा थेंब घेतला, आणि मावशीच्याच हाताने तो चाटवला. मावशी संध्याकाळपर्यंत गप्प होती, पण चहाला आली.

उरलेल्यांवर फार वेळ घालवत नाही. चीनची भिंत चंद्रावरून दिसत नाही. लांबी हजारो किलोमीटर असली तरी रुंदी गावातल्या रस्त्याएवढी, आणि चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर. साताऱ्यात राजवाड्यावर भेळ खाता खाता यवतेश्वराच्या डोंगरावर उभ्या माणसाच्या डोक्यातला एक केस दिसेल का, तेवढाच हा प्रश्न. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लीवेई २००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आला, त्यालाही ती दिसली नव्हती. तो तर चंद्राच्या मानाने आपल्या माळ्यावर होता. मेंदू दहा टक्केच वापरतो, हेही थोतांड. शरीराच्या दोन टक्के वजनाचा हा अवयव वीस टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के रिकामा असता तर एवढं खाऊन करतो काय? आपलं राष्ट्रगीत युनेस्कोने जगात पहिलं ठरवलं, हेही खोटं; युनेस्को राष्ट्रगीतांना नंबर देत नाही. बस.

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हे खरं. शुक्राला स्वतःभोवती फिरायला आपले २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती २२५, म्हणजे दिवस वर्षाहून मोठा, हेही खरं. हा शुक्र बरोबर चौदाव्या नंबरवर बसवलाय. मावशीने तो नातवाला विचारला, नातवाने शाळेच्या पुस्तकात बघून "बरोबर आहे" सांगितलं, आणि त्या भरवशावर पंधरावा नंबर थेट बाळंतिणीच्या खोलीत आला.

कुणी आधीच मध चाटवला असेल तर घाबरून जाऊ नका, पण पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. बाळाला शी होत नाही, दूध ओढायची ताकद कमी झाली, रडणं क्षीण झालं, पापण्या जड, मान आणि अंग लुळं वाटतंय, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि मध दिला होता, हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, सासूबाई शेजारी उभ्या असल्या तरी.