मरळीच्या पिल्लांच्या थव्यावर फ्रॉग टाकू नका

पुण्यातील गळ टाकणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या 'अमेरिकन बासचे तंत्र, आपली मरळ' असा एक संदेश फिरतो आहे (बास हा अमेरिकेत हौसेने गळाने पकडला जाणारा मासा). जलपर्णीने भरलेल्या पाण्यात माशाला दिसू नये म्हणून बारीक नायलॉनची लाइन वापरा, तीन काट्यांचे गळ असलेले ल्युअर (कृत्रिम आमिष) लावा, मासा उसळताच झटका मारा आणि पावसाळ्यात लाल पिल्लांचा थवा दिसला की त्याच्या मधोमध फ्रॉग, म्हणजे बेडकाच्या आकाराचे ल्युअर, टाका, असे त्याचे सार आहे. त्यावर विसंबून माझ्या भाच्याने सगळे सामान विकत घेतले आणि 'मामा, उजनीला कधी जायचे?' असे विचारले. तेव्हा हे लिहिणे भागच पडले.

सर्वांत घातक सल्ला शेवटचा आहे. पावसाळा लागला की मरळ काठच्या गवतात थोडी जागा मोकळी करून तेथे अंडी घालते आणि ती पाण्यावर तरंगत राहतात. पिल्ले निघाल्यावर मोठी मरळ काही आठवडे त्यांच्याखाली थांबून राखण करते. तांबूस-नारिंगी पिल्लांचा तो झुबका वर आला की तेवढ्याच जागी, पावसाचे बारीक थेंब पडावेत तसे, पाणी थरथरते. तेथे टाकलेल्या फ्रॉगवर मरळ हमखास तुटून पडते हे खरे आहे. परंतु ती भुकेपोटी नव्हे, तर पिल्लांवर घाला आला असे समजून. तिला उचलले की राखणीविना राहिलेली पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.

'आम्ही पकडून परत सोडतो' हे उत्तरही टिकत नाही. ज्या बासचे नाव हा संदेश घेतो, त्याच माशावर डेव्हिड फिलिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९७ मध्ये 'नॉर्थ अमेरिकन जर्नल ऑफ फिशरीज मॅनेजमेंट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घरटे राखणारा नर पकडून सोडून दिला तरी मधल्या वेळात इतर मासे अंडी-पिल्ले खातात आणि काही नर घरटे कायमचे सोडून देतात, असे त्यातून दिसले. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या अनेक भागांत विणीच्या काळात बासची मासेमारी बंद असते, तीही याच काळजीपोटी. संदेश लिहिणाऱ्याने अमेरिकन तंत्र उचलले आणि त्याबरोबरची ही शिस्त मात्र वगळली, याचा मला संताप आहे. आपल्या धरणांत बीज सोडले जाते ते मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ यांचे; मरळीची भिस्त बहुतांशी या राखलेल्या थव्यांवरच आहे.

बारीक लाइन माशाला दिसत नाही, हा युक्तिवाद नितळ पाण्यापुरता ठीक आहे. जलपर्णीवरून फ्रॉग ओढताना लाइन पानांवर असते आणि खालून पाहणाऱ्या मरळीला दिसते ती हलणारी सावली. मासा लागल्यावर तो थेट देठांच्या जंजाळात शिरतो. तेथे नायलॉन ताणला जातो आणि तुटतो, मग गळ माशाच्या तोंडात राहतो आणि उरलेली लाइन पाणपक्ष्यांच्या पायांत अडकते. अशा ठिकाणी पन्नास पौंडांच्या आसपासचा ताण सोसणारी ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाइन आणि दणकट रॉडच हवा, कारण ती लाइन फारशी ताणली जात नाही आणि कोवळे देठ कापत जाते.

तीन काट्यांच्या गळाविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण तो पहिल्याच फेकीत शेवाळाचा गोळा घेऊन येतो.

बासचे ल्युअर मरळीला चालतात, एवढे मात्र मान्य करावे लागते. पोकळ रबरी फ्रॉग हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात आणि टोके वर असतात, म्हणून तो गवतात अडकत नाही. अंगठ्याने पोट दाबून पाहिल्यास रबर खाली बसून टोके उघडी पडताना दिसतात. माशाच्या जबड्यात नेमके हेच व्हावे लागते.

म्हणूनच उसळी दिसताच झटका मारणे चूक आहे. फ्रॉग तोंडात पुरता जाण्याआधीच तो ओढला जातो आणि हवेत उडून येतो. बासवालेही हेच सांगतात की फ्रॉग दिसेनासा होऊ द्यावा, लाइनवर माशाचे वजन जाणवू द्यावे, मगच रॉड जोरात वर घ्यावा आणि मासा जलपर्णीखाली वळण्याआधी त्याचे डोके पृष्ठभागावर आणावे.